राजेश्वरच्या वेशीत तुटलेली कर

गाड्यांच्या धंद्याचं पुढे काय होणार, हे सांगण्याचा मला पगार मिळत होता. पुण्याजवळच्या एका मोटार कारखान्यात मी नोकरीभर हेच केलं. लोक छोटी गाडी घेतील की उंच, पेट्रोलची घेतील की डिझेलची की विजेची, याचे तक्ते करायचे. आणि ते चुकले की का चुकले याचे आणखी मोठे तक्ते करायचे. निवृत्त झाले, सुटले म्हणावं, तर लग्नात, बारशात, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला विचारलं गेलं, "आता कुठली गाडी घ्यावी?" मी सगळ्यांना सांगते, थोडं थांबा. एवढा एकच अंदाज माझा आजवर चुकलेला नाही.

यंदा जेठात महानंदाचा फोन आला. महानंदा माझी उदगीरच्या शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन ती बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वरला गेली आणि मी पुण्याला. तिच्या नवऱ्याचं, शरणप्पा अण्णांचं, तिथे डिझेल गाड्या दुरुस्त करायचं शेड आहे. एकुलती लेक गंगा आयटीआय करून बापाच्या हाताखालीच तयार झाली.

"कारहुणवीला ये," महानंदा म्हणाली. "आन् नुसती पोळी खायला येऊ नको. गंगीला चाकणच्या इंजनाच्या कारखान्यात घ्यायलेत. बाप म्हणायलाय जा, ती म्हणायली जात न्हाई. दोघं एकमेकाला बोलनात. तू त्याच धंद्यातली. तुझं ऐकतील."

माझं ऐकतील, याची मला अजिबात खात्री नव्हती; माझ्या साहेबांनीही ते कधी केलं नव्हतं. पण कारहुणवी मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. ज्यांनी ती कधीच पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: जेठाच्या पौर्णिमेला बैलांना धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून मिरवतात आणि संध्याकाळी गावाच्या वेशीतून आत आणतात. वेशीत लिंबाच्या पाल्याची दोरी आडवी बांधलेली असते, तिला कर म्हणतात. जो बैल पहिल्यांदा शिंगांनी कर तोडील त्याच्या रंगावरून यंदाचं पीक सांगायचं. पांढरा असेल तर ज्वारी, तांबडा असेल तर तूर. म्हणजे आमच्या अंदाज विभागासारखंच, फक्त वातानुकूलित खोली नाही.

औराद

आधी उदगीरला माहेरी उतरले. तिथून थेट राजेश्वरला जाता आलं असतं. पण औरादचा बाजार असेल असं भावानं सांगितलं आणि मी वाट वाकडी केली. औरादचा बाजार म्हणजे कानांची चैन. टोमॅटोवाली मराठीत भाव सांगते, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भांडते आणि पलीकडच्या कांदेवाल्याला तेलुगूत हसते. मी आधी सुसला आणि मिरची खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-शेंगदाण्याची फोडणी म्हणजे सुसला. पुण्यात मी तो करते, पण तो तसा होत नाही आणि घरचे तो खाऊन गप्प बसतात.

बीदरकडे जाणारी जीप भरत होती. भरत होती म्हणजे भरून झाली होती आणि तरी भरत होती. मी ड्रायव्हरशेजारी, माझ्या शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर कोंबडी, आणि ड्रायव्हरच्या पलीकडे, दाराला लटकून, आणखी एक गृहस्थ. ड्रायव्हर गिअर टाकायच्या आधी "गुडघा, अक्का" म्हणायचा आणि मी गुडघा हलवायची. या जातीच्या जीपा बनायच्या बंद होऊन कितीतरी काळ लोटला. मी त्याला विचारलं, नवी गाडी का घेत नाहीस?

"नवी गाडी लई शानी हाय, अक्का," तो म्हणाला. "पट्टा न्हाई लावला की बोंबलते. दार नीट न्हाई लागलं की बोंबलते. मान्सं जास्त बसली की टीव्हीवर लाल दिवा लावते. मी चालवू का तिची समजूत काढत बसू?"

सगळी जीप हसली, कोंबडीसुद्धा फडफडली. मीही हसले. सुरक्षेचे ते पट्टे आणि दिवे चांगलेच आहेत, मी स्वतः त्यांची बाजू मांडत आले. पण आमच्या कुठल्याच तक्त्यात ही जीप आणि तिच्यात बसणारी ही माणसं नव्हती, हे त्या गर्दीत अंग चोरून बसल्यावर जाणवलं. त्यांच्यासाठी पुढे कुठली गाडी येणार, हे कोणी ठरवलेलंच नाही. जुन्या जीपा एक एक करून भंगारात जातील आणि ही माणसं रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत उभी राहतील, असं मला वाटतं. चुकलं तर बरं होईल.

कमठाणा

बीदरमध्ये मी किल्ला पाहिला नाही. लहानपणी सहलीत पाहिला होता आणि आता गुडघे दुखतात. त्याऐवजी कमठाण्याला महानंदाच्या नणंदेकडे मुक्काम केला. तिनं ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णेगायी आणि शेंगाचटणी इतक्या प्रेमानं वाढली की दुसऱ्या दिवशी चालून ती जिरवणं भाग पडलं.

सकाळी रस्त्यानं जाताना एक कुंपण घातलेलं आवार लागलं. आत नव्या कोऱ्या छोट्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि सगळ्यांवर या भागातली तांबडी धूळ. कुठल्याशा विक्रेत्याचा न खपलेला माल. मी फाटकाशी थबकले, कारण पुढच्या ओळीतल्या गाड्यांच्या बॉनेटवर धोतरं पसरून त्यावर उडदाचे पापड वाळत घातले होते. राखणदाराची बायको ते उलटत होती.

"मालक काही म्हणत नाहीत?" मी विचारलं.

"मालक येतात कुठं? पत्रा चांगला तापतो बगा. गच्चीवर दोन दिस लागतात, इथं एका दिसात वाळतात." तिनं मला एक पापड हातात दिला. "लोकं येतात. दार उघडून बसतात, फोटू काढतात, मग इचारतात, मोठी कधी येणार?"

मी कामाला लागले तेव्हा सगळ्या देशाचं स्वप्न ही छोटी गाडी होती. स्कूटरवर नवरा, बायको, मधे एक मूल आणि पुढे एक उभं. अशा घराला छपराखाली आणायचं, असं आम्ही बैठकांमध्ये म्हणायचो आणि ते मनापासून म्हणायचो. आता ते घर थेट उंच गाडीचं स्वप्न पाहतं. ज्याला उंच परवडत नाही तो छोटी घेत नाही, जुनी उंच घेतो किंवा स्कूटरवरच राहतो. हे मला कागदावर माहीत होतं. पण पापडांखाली झाकलेली ती बॉनेटं पाहून मला खरोखर वाईट वाटलं, घरातलं कोणी म्हातारं माणूस कोपऱ्यात बसवलेलं पाहिल्यावर वाटतं तसं. पापड मात्र उत्तम होते. मी पिशवीभर विकत घेतले.

राजेश्वर

राजेश्वर पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. पुण्याकडच्या कारखान्यांतून निघालेल्या नव्या गाड्या लांबलचक ट्रकांवर दोन मजल्यांत चढून इथूनच हैदराबादकडे जातात. गावातली पोरं बाहेर बसून कुठली गाडी गेली ते ओळखतात. त्यातली एकही गावात थांबत नाही.

शरणप्पा अण्णांचं शेड जुन्या वेशीच्या आतल्या अंगाला, भिंतीला टेकून आहे. मी पोचले तेव्हा ते एका ट्रॅक्टरच्या इंजिनावर लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावून उभे होते. हा माणूस मूळचा मोठ्या आवाजाचा. जन्मभर इंजिनाच्या वर बोलून तो आणखी चढला आहे.

"शरणु, ताई!" शरणु म्हणजे तिकडचा नमस्कार. "या या! आवाज ऐकला का? तिसऱ्या सिलिंडरचा नोझल गेला. दाक्तर लोक यंत्र लावतात, मी कान लावतो."

"तिसरा न्हाई अप्पा, दुसरा," शेडच्या आतून आवाज आला. ही गंगा. ठेंगणी, हातांना कोपरापर्यंत काळं, आणि कपाळावर विभूतीची तीन ठसठशीत बोटं.

"तिसरा!"

खोलून पाहिलं तेव्हा तिसराच निघाला. अण्णांनी वेशीतल्या सगळ्या लोकांना ते ऐकवलं. गंगा हसली आणि मला म्हणाली, "मावशी, मी मुद्दाम दुसरा म्हणते. त्याबिगर ते माझ्याशी बोलायलेच न्हाईत."

जेवायला बसल्यावर भांडण ताटातच आलं. महानंदानं पुरणपोळी वाढली, तुपाची वाटी कलंडवली आणि मला म्हणाली, "आता सांग."

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. शेडमध्ये काम उरलं नाही. नव्या गाड्या कंपनीच्या दुकानात जातात, जुन्या भंगारात. पेट्रोलमध्ये आता उसाचा अर्क घालतात आणि त्यानं जुन्या गाड्यांच्या नळ्या गळतात, असं त्यांचं ठाम मत होतं. "म्हणजे आपल्याच रानातला ऊस आपल्याच गाड्या खायलाय!" पण इंजिन मरणार नाही. इंजिन बांधायच्या कारखान्यात लेक गेली तर जन्माचं झालं. "माझ्या बापानं बैल हाकले. मी इंजन दुरुस्त केलं. माझी लेक इंजन बांधणार. इथून पुढं अजून काय पायजे?"

"मला इंजन बांधायचं न्हाई," गंगा म्हणाली. "एकाच जागी उभं ऱ्हाऊन एकच बोल्ट आवळायचा, त्याला इंजन बांधणं म्हणत न्हाईत. मी हितंच ऱ्हाते. आपल्या गावातल्या महबूबभाईची बॅटरी-रिक्षा हाय, बसवकल्याणात तसल्या चिक्कार झाल्यात, त्यांना दुरुस्त करणारं कोण न्हाई. अप्पा आन् मी मिळून करू. बोर्ड हाच ठेवू."

"माझ्या शेडात बॅटरी न्हाई."

"रोज चार्जिंगला लावू देता की त्यांना!"

"करंट देतो. धर्म म्हणून. हात लावत न्हाई."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. विजेच्या गाड्या येतील, पण सगळीकडे एकदम नाही. डिझेल आधी जाईल, पेट्रोल रेंगाळेल. इंजिनाचे कारखाने आज चालू आहेत, पण तिथे नवी पोरं थोड्या मुदतीवर घेतात आणि मुदत संपली की घरी पाठवतात. गंगाचं म्हणणं मला जास्त पटतं, हेही मी सांगितलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि पोळीचा तुकडा तुपात बुडवला.

"ताई, तुमी शिकलेल्या. पर तुमचा अंदाज कागदावरचा. उद्या वेस काय म्हणते ते मानू. आमच्या घराण्यात वेशीनं सांगितलं तेच पेरलंय." मग ते आठवडाभरात पहिल्यांदा लेकीकडे वळून बोलले. "इंजनानं कर तोडली तर तू चाकणला. बैलानं तोडली तर ऱ्हा हितं. कबूल?"

इथे थोडं सांगायला हवं. राजेश्वरात बैल फार उरलेले नाहीत. नुसत्या तेवढ्या जोड्यांची मिरवणूक दिसायची कशी, म्हणून हल्ली ट्रॅक्टर आणि जीपाही फुगे, केळीचे खुंट लावून त्यांच्याबरोबर सोडतात. ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यांनी बैल बुजतात आणि कर ट्रॅक्टरच तोडतो. अण्णांना हे पुरतं माहीत होतं. अंगठ्या घातलेली त्यांची मूठ टेबलावर टेकलेली होती आणि ते जिंकल्यासारखे दिसत होते.

"कबूल," गंगा म्हणाली. तिचा भरवसा थोरल्या पाटलांच्या देवणी जातीच्या बैलजोडीवर होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि ट्रॅक्टरला न भिणारी. त्या जोडीला तिनं सकाळी स्वतः गूळ चारून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळं गाव वेशीबाहेर लोटलं. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरं, पाठीवर आरशांच्या झुली. मागे ट्रॅक्टर धूर सोडत उभे, आणि त्यांच्यात अण्णांची जुनी जीप, नाकावर झेंडूची माळ घालून. तरुण पोरांनी कर बांधली होती बैलाच्या शिंगांच्या बेतानं, खालीच. अण्णांनी जीप दुसऱ्याच्या हाती दिली होती आणि स्वतः वेशीच्या आत, कर तोडणारी गाडी नीट दिसावी म्हणून, शेडच्या पायरीवर उभे होते. मी आणि महानंदा त्यांच्या शेजारी.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की महबूबभाईंची बॅटरी-रिक्षा शेडच्या तोंडाशी चार्जिंगला लावलेली आहे. पाण्याचे जार पोचवणारी मालाची तीनचाकी, वर जार रचायला लोखंडी पिंजरा केलेला. ट्रॅक्टर आत सुसाट येणार आणि ही वाटेत. महबूबभाई नमाजला गेले होते.

"गंगे! ती डबडी हलव आधी तिथनं!"

गंगा पळत आली, वायर काढली आणि आत बसली. मागे शेडची भिंत, दोन्ही बाजूंना बायकांची गर्दी. मोकळी जागा फक्त पुढे, वेशीच्या कमानीत. "अप्पा, कर हाय की वर!"

"जाते खालून! जाते! ये, ये, ये," अण्णा हातानं खुणा करायला लागले, जन्मभर शेकडो गाड्यांना खड्ड्यातून, चिखलातून बाहेर काढताना केल्या तशाच. त्यांची नजर पक्की होती, फक्त ती त्यांच्या जीपच्या टपाच्या उंचीवर पक्की होती. पिंजरा त्यांच्या हिशोबातच नव्हता. "ये, अजून ये..."

रिक्षाला आवाज नाही. बाहेरचं सगळं गाव ट्रॅक्टरांकडे तोंड करून उभं होतं, आणि एकानंही मागे वळून पाहिलं नाही. लिंबाचा पाला पिंजऱ्यात अडकला, दोरी ताणली, आणि कर तुटली. महबूबभाईंची रिक्षा अंगावर पाल्याची माळ घेऊन हळूच कमानीबाहेर गावासमोर येऊन उभी राहिली.

सगळं गाव मागे वळलं. मग जो हशा उठला तो मला वाटतं हुमनाबादपर्यंत गेला असेल.

"धरायची न्हाई!" कोणीतरी ओरडलं. "ती आतून भाईर गेली. भाईरून आत याला पायजे!"

"दुसरी कर बांधा!"

थोरले पाटील काठीवर रेलून उभे होते. वेशीचा निकाल त्यांचा. "तुटली ती तुटली," ते म्हणाले. "कर दोनदा बांधत न्हाईत. रंग कोणता गाडीचा?"

"पांढरा, पाटील!"

"मग ज्वारी."

पुन्हा हशा. बाकी कशानं कर तुटू शकते, हे आदल्या दिवशी जेवताना कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी अंदाजवाली. मी हसून हसून डोळे पुसत होते. गंगा रिक्षातून उतरून गर्दीतून वाट काढत आली. तिला हसू लपवता येत नव्हतं.

"अप्पा, म्हणजे मी ऱ्हाते ना?"

अण्णा पायरीवरून उतरले होते. पिंजऱ्यात अडकलेला पाला त्यांनी एक एक डहाळी करून काढला, नीट जुडी बांधली. मग म्हणाले, "ऱ्हा."

गंगानं मला मिठी मारली आणि माझ्या पुणेरी साडीवर ग्रीसचा पंजा उमटला. मला फार आनंद झाला. माझा एक अंदाज खरा झाला होता आणि एका पोरीचं भलं झालं होतं, दोन्ही एका दिवसात. मी महानंदाकडे वळले. ती हसत नव्हती.

"तू ह्यांचं तोंड बघितलं न्हाईस," ती म्हणाली.

कलबुर्गी

पुण्याची माझी रेल्वे कलबुर्गीहून होती. अण्णा म्हणाले, मी सोडतो. जीपला अजून झेंडूची माळ होती. या माणसाबरोबरचा प्रवास म्हणजे न थांबणारं भाषण, अशी मी तयारी केली होती. पण हुमनाबाद मागे पडलं, घाटवळणं आली, कमलापूरला त्यांनी तिथली लाल केळी घेऊन माझ्या मांडीवर ठेवली, तरी ते बोलले नाहीत. जीपच एकटी बोलत होती.

शहरात शिरताना म्हणाले, "ताई, मला ती गाडी बघायची हाय. बॅटरीची. मोठी."

रस्त्यावर विजेच्या गाड्यांचं एक नवं दुकान होतं. काचेच्या दारातून आत गेल्यावर थंडगार. विकणारा मुलगा आधी कन्नडमध्ये, मग आमचं बोलणं ऐकून मराठीत बोलायला लागला. त्यानं गाडी चालू केली आणि अण्णांना सांगितलं, चालू आहे. अण्णांनी मान तिरकी केली. खिशातून पेचकस काढून बॉनेटवर टेकवणार, तेवढ्यात मुलगा घाबरून पुढे आला. त्यांनी तो परत खिशात ठेवला.

"उघड की, बाळा."

मुलानं बॉनेट उघडलं. मला ठाऊक होतं आत काय असतं, तरी त्यांच्या शेजारी उभं राहून पाहताना नवंच वाटलं. इंजिनाच्या जागी एक स्वच्छ, मऊ अस्तराचा खोल डबा होता.

"हे काय?"

"सामान ठेवायला जागा, सर. पिशवी ठेवा, भाजी ठेवा."

अण्णांनी हात आत घातला, कोपरापर्यंत. तळ चाचपला. "आन् बिघडलं तर?"

"काही बिघडतच नाही सर यात," मुलगा अभिमानानं म्हणाला.

अण्णांनी बॉनेट स्वतः हलक्या हातानं बंद केलं आणि त्याला म्हणाले, "छान हाय गाडी." त्यांना कुठल्याही गाडीबद्दल इतकं हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

स्टेशनबाहेर आम्ही जीपमध्येच बसून केळी खाल्ली. मग ते बोलले. शेडची किल्ली त्यांनी सकाळी गंगाला दिली होती. बोर्ड हवा तर ठेव, नको तर काढ. आपण आता तिथे बसणार नाही.

"अण्णा, तिला शेड नको होतं," मी म्हणाले. "तिला तुमच्याबरोबर काम करायचं होतं. ती तुमच्यासाठी राहिली."

"मी काय करू तिथं? मला ऐकून कळतं, ताई. माणूस बोलतो त्यातलं मला निम्मं कळत न्हाई, पर इंजन काय म्हणतं ते कळतं. ही गाडी काय म्हणतच न्हाई."

"गंगा शिकवेल तुम्हाला."

"लेकीकडून शिकायची लाज न्हाई वाटत." ते हसले. "पर कान जुने झाले. आन् वेशीनं सांगितलं ना? इंजन न्हाई म्हणून. मीच हात दाखवला, ये ये म्हणून."

मी त्यांना बरंच काही सांगितलं. डिझेल अजून पुष्कळ वर्षं राहील, ट्रॅक्टर कुठे जात नाहीत, ती कर म्हणजे निव्वळ गंमत झाली. सगळं खरं होतं. ते ऐकत होते, आणि मला कळत होतं की माझ्या बोलण्यातही त्यांना पकडता येईल असा आवाज नाही. गाडीची वेळ झाली. उरलेली केळी त्यांनी माझ्या पिशवीत घातली.

पुणे

पापड संपले. साडीवरचा डाग गेला नाही. ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना मी वेशीची गोष्ट सांगते तेव्हा त्या फार हसतात, आणि मी ती ‘मग ज्वारी’पाशी थांबवते. पुढचं सांगवत नाही.

परवा सकाळी महानंदाचा फोन आला. गंगाकडे काम चांगलं येतंय. बसवकल्याणहून रिक्षा येतात, आठवड्यातून एकदा बीदरहूनही कोणी येतं. शेड आतून पांढरं रंगवलं. अण्णा मागच्या गल्लीत, घराच्या ओट्यावर बसून असतात. शेडकडे फिरकत नाहीत. बापलेक जेवायला एकत्र बसतात, पण बोलायला विषय नसतो.

"फक्त सकाळी एक करते ती," महानंदा म्हणाली. "शेड उघडायच्या आधी जीप चालू करते. कुठं न्यायची न्हाई, काय न्हाई. नुसती चालू करून ठेवते. हे ओट्यावर बसून ऐकतात. मग मला म्हणतात, सांग तिला, इंजनाचं टायमिंग सरकलंय. मी जाऊन सांगते. ती बसवते. कधी कधी मला वाटतं, तीच रोज बिघडवून ठेवत असंल."

फोनमध्ये मागे तो आवाज येत होता. ठोकत, खोकत चाललेलं जुनं डिझेल इंजिन. मग अण्णांचा आवाज आला, पहिल्यासारखा मोठा, काहीतरी सांगणारा.

"दिवाळीला जीपच्या नोंदणीचे कागद संपतात," महानंदा म्हणाली. "मग भंगारात द्यावी लागंल. त्याच्यानंतर ह्या दोघांनी बोलायचं कशावरून, शोभे? तू पुढचं सांगणारी. सांग की."

मला थोडं थांब असंसुद्धा म्हणता आलं नाही.